मदत हवी आहे: अण्णांचा खोकला दमा नाही, मग नेमकं काय?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीकडचे. अण्णा ७१ वर्षांचे, दीड वर्षापासून कोरडा खोकला, आधी दमा म्हणून पंप दिला मग टीबीची शंका आली, थुंकी निगेटिव्ह. बसल्यावर ऑक्सिजन ९५ अन् गोठ्यापर्यंत जाऊन आले की ८६, बोटांची टोकं पण फुगल्यासारखी झालीत. संभाजीनगरला एचआरसीटी (छातीचा बारीक सीटी स्कॅन) केला तर आयएलडी म्हणाले, म्हणजे फुफ्फुसाची जाळी सुजून कडक होण्याचे आजार, डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून मलाबी ऐकवलं, चपलेचा वेल्क्रो उचकटावा तसा आवाज. मग विचारलं घरी कबुतरं आहेत का, बुरशी लागलेला कडबा हाताळता का. आता बाप्पा, चाळीस वर्षं कडबा झाडण्यातच गेली त्यांची!

तर कडब्याच्या बुरशी-धुळीच्या ॲलर्जीमुळं झालंय का आयपीएफ (कारण न सापडणारा, फुफ्फुस कडक होत जाणारा आजार) आहे हे ठरवायला ब्रॉन्कोस्कोपी (नळीनं फुफ्फुसाच्या आतली तपासणी) करू म्हणतात, कारण कडब्याच्या ॲलर्जीत स्टेरॉईड देतात अन् आयपीएफमध्ये ते कायम दिलं तर उलट नुकसान. ह्या वयात झेपते का? कुणाच्या घरी पिरफेनिडोन (आयपीएफची गोळी) चालू आहे का, भूक मरते अन् ऊन सहन होत नाही म्हणे, मराठवाड्यात ऊन कसं टाळायचं? अन् गोठ्यातून माणूस बाहेर कसा काढायचा तेबी सांगा, मी उठायच्या आत अण्णा टोपलं घेऊन तिकडं.