थंडीतल्या उन्हाच्या उबेला मराठीत शब्द नाही?

पळसपान: इंग्रजीत 'अ‍ॅप्रिसिटी' म्हणजे हिवाळ्यातल्या उन्हाची ऊब. लॅटिनमध्ये 'अ‍ॅप्रिकस' म्हणजे उन्हातलं, त्यावरून आला. काल उन्हाकडे पाठ करून ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होतो, तेव्हा आठवला. 'कोवळं ऊन' म्हटलं तर ऊनच झालं, ऊब कुठे आली? आपली भाषा इथे कमी पडते, असं माझं मत.

डवरणीवाला: कमी काहून पडते बापा? आमचे आबाजी रोज सकायी खाट बाहेर टाकून म्हणतेत, "चाल, ऊन खाऊ." खाल्लं का झालं. नाव कायले पायजे?

पळसपान: भाऊ, तसं क्रियापद त्यांच्याकडेही आहे, 'अ‍ॅप्रिकेट'. शिवाय नामही आहे.

कोशवाळवी: आहे म्हणजे कुठे? 1623 मध्ये हेन्री कॉकरॅमने अवघड इंग्रजी शब्दांचा कोश काढला, त्यात हा सापडतो. लॅटिन शब्दाला इंग्रजी शेपूट लावायची आणि कोशात भरती करायची, असा तो जमाना. पुढे बोलण्यात तो कधी रुळलाच नाही. आत्ता इंटरनेटवर लोकांनी उकरून काढला. जो शब्द इंग्रजांच्याच तोंडी नाही, त्यावरून मराठीला कमी लेखायचं?

बोरंवाली: अ‍ॅप्रिकॉट, म्हणजे जर्दाळू, यातलाच का हो?

कोशवाळवी: नाही. त्याचं मूळ 'लवकर पिकणारं' अशा अर्थाचा लॅटिन शब्द. अरबीत 'अल्-बर्कूक' होऊन तो फिरत आला. 1617 मध्ये मिन्शू या कोशकारानेही 'उन्हात पिकलेलं' अशी व्युत्पत्ती ठोकून दिली होती, त्यामुळे तुम्ही एकट्या नाही.

धुऱ्यावरची: मी पळसपानच्या बाजूने. दवात कापूस वेचत नाहीत, ओला होतो. म्हणून आम्ही बाया दव सुकेपर्यंत धुऱ्यावर बसतो, लुगड्याचा पदर डोक्यावरून काढून, मान उन्हाला देऊन. माय म्हणते, "तापून घ्या वो पोरीहो." पण अंगात शिरतं ते काय, हे सांगायला माझ्याकडेही नाम नाही. ते असावं असं वाटतं, कॉकरॅम गेला उडत.

पळसपान: तापून घ्यायचं म्हणजे 'ताप' म्हणू का?

डवरणीवाला: म्हण. डाक्टर लगेच सुई टोचते. तू शेंगा सोल राजा.