एसएनसीयूतल्या (आजारी नवजात बाळांच्या विशेष कक्षातल्या) बाळांसाठी कतरणीच्या गोधड्या : माप आणि आतलं भरण?

सुईदोरा_दारव्हा
टेलरकडून कतरणीचं पोतं आणलं आहे. ब्लाऊजपीस, शर्टिंग, मधात थोडं नायलॉनही निघते. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या कक्षासाठी २५ नग शिवायचे आहेत, बचत गटात पायमशीन दोनच. माप किती ठेवावं? घरचा कापूस पिंजून भरला तर? नमुन्याची एक शिवली, ती धुतल्यावर चुण्या पडल्या अन् कडा लाटेसारख्या झाल्या. काहून?

टीप_वणी
कापूस नका भरू जी. मोकळा कापूस दोन-तीन धुण्यात एका कोपऱ्यात गोळा होतो, पावसाळ्यात आतून वाळतही नाही. मधात जुन्या मऊ सुती साडीचा एकच थर घाला.

माप २४ बाय २४ इंच. साडेचार इंचाचे चौकोन, सहा आडव्या ओळी, सहा उभ्या रांगा, म्हणजे ३६ तुकडे. दोन्हीकडं शिलाई पाव-पाव इंच धरली की तुकडा चार इंचाचा राहतो. पुठ्ठ्याचा साचा करून घ्या, नजरेनं कापाल तर शेवटच्या ओळीत जुळणार नाही.

कडा लाटेसारख्या होतात त्या उरेब (तिरकं) कापल्यामुळे. तुकडा उभ्या-आडव्या धाग्यावरच कापा. कोरं कापड आधी गरम पाण्यात काढा, नाही तर ते नंतर आटते अन् जुनी साडी आटत नाही, मग चुण्या पडणारच. दुसरं कारण मशीनचं: खालचे दाते कापड ओढतात, वरचा पाय मागं ढकलतो. म्हणून तिन्ही थर चार-चार बोटांवर कच्च्या टाक्यानं धरा, टीप मधातून सुरू करून कडेकडं न्या.

नायलॉन ओळखायला एक धागा जाळून पाहा. सुताची राख भुरभुरीत, वास कागदासारखा. नायलॉन-पॉलिस्टरची कडक गोळी होते. चमकदार ब्लाऊजपीस दिसायला गोड, पण बाजूलाच ठेवा.

वॉर्ड_गडचिरोली
शिवायच्या आधी इन्चार्ज सिस्टरला विचारा. काही ठिकाणी बाहेरचं कापड घेतच नाहीत.

वॉर्मरखालच्या बाळावर गोधडी टाकत नाहीत, वरून येणारी उष्णता अडते. काविळीच्या निळ्या दिव्याखालीही बाळ उघडंच असते. उपयोग होतो तो कांगारू केअरमध्ये आईच्या छातीवरच्या बाळाच्या पाठीवर, अन् इनक्युबेटरवर उजेड अडवायला. त्या झाकणीला गडद रंग बरा, माप सिस्टरच सांगतील.

बटण, लेस, टिकल्या, लोंबता धागा काहीच नको. धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला तर रक्त अडते.

अन् डांबरगोळ्या घातलेल्या पेटीतलं कापड अजिबात वापरू नका. जी६पीडीची (तांबड्या पेशी जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी गोळीतल्या नॅप्थलीननं फुटतात, कावीळ जिवावर बेतू शकते. गोळी काढून टाकली तरी कापडात ते उरते.

सुईदोरा_दारव्हा
हे डांबरगोळीचं माहीतच नव्हतं, जुनी लुगडी सगळी पेटीतलीच आहेत. ती बाद. आणखी एक: चार तुकडे जुळतात तिथं सुई मोडते.

टीप_वणी
तिथं बऱ्याच घड्या एकावर एक येतात. एका ओळीची शिलाई डावीकडं दाबून इस्त्री करा, खालच्या ओळीची उजवीकडं. सुई १६ नंबरची लावा, अन् त्या जागी पायडल सोडून चाक हातानं फिरवा.

कडेला पट्टी लावू नका, वेळ जातो. साडीचा थर खाली, त्यावर अस्तर सुलटं, त्यावर जोडलेला भाग उलटा. चारी बाजूंनी शिवा, पाच इंच तोंड ठेवा, कोपरे छाटा, पलटवा. मग कच्चा टाका, आत मधातून सुरू करून दर दोन चौकोनांवर एक टीप, अन् शेवटी तोंड बंद करत कडेनं एक. टाके इंचाला दहा-बारा.

लाल-मरून तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासा. रंग सुटला तर फेका. दवाखान्यात गरम पाणी अन् ब्लीच दोन्ही लागते.

सहावारी साडीतून साडेचोवीस इंचाचे आठ तुकडे निघतात. विरलेला भाग वगळून २५ नगांना चार साड्या धरा, पण पेटीतल्या नाही.