गोव्याच्या कॅसिनो पॅकेजचे साडेसात लाख रोख आणि 'रिफंड' भलत्याच खात्यावर?

प्रवासिनी (कर्वेनगर):
माझी छोटी ट्रॅव्हल एजन्सी आहे. ओळखीतल्या एका गृहस्थांनी बारा जणांचं बुकिंग आणलंय. पणजीत हॉटेल, मांडवीतल्या कॅसिनो बोटीचे पास, एकूण साडेसात लाख, सगळे रोख. वर म्हणतात, "ताई, पावत्या बारा नावांनी फाडा. सात-आठ जणांचं बहुतेक रद्द होईल, त्यांचे पैसे मी सांगतो त्या खात्यावर टाका. तुमचं कमिशन पूर्ण कापून घ्या." काम सोडवत नाही, पण मन धजत नाही. यात नेमकं काय चुकतंय?

निवृत्त बँकवाला (सदाशिव पेठ):
ताई, हे घेऊ नका. माझी नोकरी बँकेत गेली, शेवटची वर्षं केवायसी विभागात. रोख तुमच्या गल्ल्यात येणार आणि तुमच्या चालू खात्यातून एनईएफटीने 'ट्रॅव्हल कंपनीचा रिफंड' म्हणून बाहेर पडणार. म्हणजे काळा पैसा पांढरा झाला, आणि कुणी विचारलंच तर दाखवायला पावत्या तयार.

कॅसिनोत हेच चिप्सवर, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या टोकनांवर, चालतं. रोख देऊन चिप्स घ्यायच्या, थोडं खेळल्यासारखं करायचं, उरलेल्या वटवून 'जिंकलो' म्हणायचं. पण 2009 च्या दुरुस्तीने कॅसिनो मनी लाँडरिंग (काळा पैसा पांढरा करणं) प्रतिबंधक कायद्याखाली आले. गिऱ्हाइकाची ओळख पटवा, दहा लाखांवरची रोख सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी यंत्रणा) कळवा. महिन्याभरात तुकड्या-तुकड्याने देऊन बेरीज तेवढी झाली तरी कळवा. संशय आला तर रक्कम कितीही असो. म्हणून ही माणसं आता तुमच्यासारख्यांचं दार ठोठावतात.

आणि एका माणसाकडून एकाच कामापोटी दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेताच येत नाही. पावत्या बारा फाडल्या तरी देणारा एकच. दंड घेणाऱ्याला, आणि तो घेतलेल्या रकमेएवढा! साडेसात लाख घेतलेत तर साडेसात लाख दंड.

हिंजवडीकर:
गोव्यात कॅसिनो कायदेशीर आहेत. एवढ्याशा रकमेची कशाला भीती?

निवृत्त बँकवाला:
कॅसिनोबद्दल तक्रार नाही, पैसा कुठून आला ते विचारतोय. 2016 साली बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे 8 कोटी 10 लाख डॉलर चोरून मनिलाला नेले. त्यातला मोठा हिस्सा तिथल्या कॅसिनोंत शिरला आणि माग तुटला, कारण फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंगविरोधी कायद्यात तेव्हा कॅसिनो नव्हतेच. ते 2017 मध्ये आणले. गरीब देशाचा पैसा होता तो. मला याचा आजही संताप येतो.

प्रवासिनी:
पटलं. पण ओळखीतले आहेत, तोंडावर नाही कसं म्हणू?

निवृत्त बँकवाला:
नाही म्हणूच नका, अट घाला. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून यूपीआय किंवा चेकने भरायचं, पॅन द्यायचं, रद्द झालं तर पैसे त्याच खात्यात परत. बुकिंग फॉर्मवरही हे छापून घ्या.

प्रवासिनी:
आत्ताच फोन केला. "बघून सांगतो" म्हणाले आणि ठेवला.

निवृत्त बँकवाला:
तेच व्हॉट्सॲपवर लिहूनही पाठवा. उद्या त्यांनी तुमचं नाव पुढे केलं, तर हातात काहीतरी असू दे.