प्रति: रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं कशाने?

रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचंच, हे वरचं मत पटलं नाही. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखत राहण्याचा आजार, रक्तात सापडतच नाही. थायरॉइड, आमवात नाही ना, एवढ्यासाठी त्या तपासण्या. १९९० च्या अमेरिकन निदान-निकषांत अंगावरच्या ठरावीक १८ पैकी ११ बिंदू दाबल्यावर दुखायला हवेत अशी अट होती. २०१० पासून थकवा, उठल्यावरही न भागलेली झोप, विसरभोळेपणा हेही धरतात.

नाशिकच्या थंडीत सकाळी माझे खांदे असे धरतात की कंगवा डोक्यापर्यंत जात नाही, ब्लाउजची शिवणसुद्धा टोचते. (आणि घरचे म्हणणार, 'काल तर बरी होतीस!')

युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी २०१६ मध्ये ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. मला गोदापार्कवर हळूहळू चालणं मानवतं. फक्त बरं वाटलं म्हणून त्याच दिवशी माळा आवरायला काढू नका.