मदत हवी आहे : सोलापूरहून पार्सल, पोस्ट की कुरिअर? उद्याच टाकायचंय

होटगीरोडकर
पार्सल पाठवायचंय, उद्या सकाळी. पोस्टाने टाकू का कुरिअरने? कुरिअरवाला लई जास्त सांगायलाय, आणि पोस्टाचं घरात कुणाला पटंना. वजन फार नाही. संक्रांतीच्या आत पोचलंच पाहिजे. खात्रीने माहीत असेल त्यांनीच सांगा, लवकर.

जुळे_सोलापूर
कुठं पाठवायचंय ते लिहा की ओ. पुण्याला असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर टाका, सकाळी हातात. मी मुलाला दर महिन्याला असंच पाठवते. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरचा मोबाईल घेतला की झालं.

गाठवाला
कुरिअरच. आमचा टॉवेलचा धंदा आहे, रोजची पार्सलं जातात. माणूस दुकानात येऊन उचलतो, सीओडी (माल पोचल्यावर पैसे) आहे, आज कुठं पोचलं ते मोबाईलवर दिसतं. माल जास्त असेल तर ट्रान्सपोर्ट. चादरीच्या गाठी आम्ही कायम ट्रान्सपोर्टनेच पाठवतो. किती गाठी आहेत तुमच्या?

होटगीरोडकर
गाठी नाहीत ओ. एकच खोका आहे. आणि पुण्याला नाही, गडचिरोली जिल्ह्यात. बहीण तिकडं झेडपीच्या शाळेवर आहे.

खाकी_थैली
मी टपाल खात्यातून निवृत्त आहे. तीन गोष्टी सांगा : खोक्यात काय आहे, खोक्याची लांबी-रुंदी-उंची किती, आणि पत्ता कसा लिहिलाय. गावाचं नाव इथं टाकू नका, फक्त काय काय लिहिलंय ते सांगा.

होटगीरोडकर
मापांचा काय संबंध? साडेतीन किलो भरतंय. आईने केलेल्या ज्वारीच्या कडक भाकरी, शेंगा चटणी आणि एक चादर. खोका ४५ बाय ३५ बाय २५ सेंमी, मिक्सरचा होता. पत्ता गाव, तालुका, जिल्हा, पिन.

खाकी_थैली
संबंध तिथंच आहे. कुरिअर कंपन्या वजन दोन प्रकारे धरतात, काट्यावरचं आणि जागेचं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५००० (काही जण याहून लहान आकड्याने भागतात), आणि दोन्हींत जे जास्त निघेल त्याचे पैसे. तुमचा खोका जवळजवळ ८ किलोचा निघतो. साडेतीन किलोच्या मालाला ८ किलोचा दर लागलाय तुम्हाला. शिवाय गाव त्यांच्या डिलिव्हरीच्या हद्दीबाहेर असेल तर ओडीए म्हणून वेगळी रक्कम लागते. तेवढी भरली तरी पार्सल दारात जाईलच असं नाही.

होटगीरोडकर
हे तर झालंय आमच्यासोबत. मागच्या दिवाळीत एका कुरिअरने टाकलं होतं, ते तालुक्याच्या गावीच थांबलं. ती पोरगी रविवारी बस पकडून आणायला गेली आणि भाकरीचा सगळा चुरा झालेला. आई दोन दिवस जेवली नाही नीट.

पुस्तकवेडा
पुस्तकं असतील तर ज्ञान पोस्ट वापरा. १ मे २०२५ पासून सुरू झालंय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये. शाळेसाठी वाचनालय करायचं असेल तर याहून स्वस्त काही नाही.

होटगीरोडकर
पुस्तकं नाहीत. वर लिहिलंय की.

जुन्या_पेठेतला
रजिस्टर करा, डोळे झाकून. सही घेतल्याशिवाय देत नाहीत.

खाकी_थैली
रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. आता काउंटरवर स्पीड पोस्ट पार्सलच मागायचं. दर वजन आणि अंतरावर असतो, वर जीएसटी. पावतीवर तेरा अक्षरांचा नंबर असतो, शेवटी आयएन. तोच ट्रॅकिंगला लागतो.

गाठवाला
साहेब, तुमच्या खात्याचा मान ठेवून विचारतो, हरवलं तर पोस्ट काय देतं?

खाकी_थैली
स्पीड पोस्टला भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १००० रुपये, यांत कमी असेल ते, हा नियम आहे. किमती वस्तू असेल तर विमा उतरवायचा. पण तुमच्या कुरिअरच्या पावतीमागची बारीक अक्षरंही एकदा वाचा, भरपाईला तिथंही मर्यादा घातलेली असते.

गाठवाला
मान्य. तरी रोजच्या धंद्याला कुरिअरच परवडतं, पिकअप आणि सीओडी यामुळं. पुणे, मुंबई, हैदराबादला मी दुसरं काही वापरणार नाही. ह्यांचं गाव आत आहे, ती गोष्ट वेगळी.

सासर_लातूर
पिन नीट तपासा. ४१३ म्हटलं की लोक सोलापूर समजतात, पण लातूर ४१३५१२ आणि बारामती ४१३१०२. ही पिनची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ ला आली, आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी माणूस, संस्कृत कवी. मला याचं फार कौतुक वाटतं.

खाकी_थैली
बरोबर. आणि खेड्यात एकाच पिनखाली कितीतरी गावं असतात, म्हणून नुसत्या पिनवर भागत नाही. आपण ‘मु. पो.’ एका दमात लिहितो, पण त्या दोन गोष्टी आहेत. मु. म्हणजे राहण्याचं गाव, पो. म्हणजे ज्या गावात डाकघर आहे ते. बहिणीच्या गावात शाखा डाकघर आहे का, ते आत्ता फोन करून विचारा.

माईची_लेक
चटणी विकत असाल तर एफएसएसएआयची (खाद्यपदार्थ विकायला लागते ती) नोंदणी आधी काढा.

होटगीरोडकर
विकत नाही, बहिणीला पाठवायलोय.

फोन झाला. डाकघर तिच्या गावात नाहीच! शेजारच्या गावात आहे, तिथला डाकसेवक तिच्या शाळेत टपाल आणून देतो. आम्ही दोन वर्षं नुसतं तिचं गाव लिहीत होतो.

जुळे_सोलापूर
भाकरीचं पण बघा. उभ्या लावू नका, थप्पी करून घट्ट बांधा आणि ती चादरीत गुंडाळा. खोक्यात हात घातला तर हलता कामा नये. चटणीला तेल सुटतं, तिचे पाउच सील करून वर डबा. नाहीतर चादरीचं वाटोळं.

होटगीरोडकर
हे बेस्ट आहे. केलं. ३० बाय ३० बाय २० च्या खोक्यात सगळं बसलं. या मापाने जागेचं वजन पण ३.६ येतंय.
स्पीड पोस्टच करतो. एकच शेवटचं, पत्ता शाळेचा घालू का तिच्या खोलीचा?

खाकी_थैली
डाकसेवक शाळेत येतो म्हणालात ना, मग शाळेचाच घाला. वर बहिणीचं नाव, खाली मु. आणि पो. वेगवेगळ्या ओळींवर. तिचा मोबाईल नंबर खोक्याच्या दोन बाजूंना जाड पेनाने लिहा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. पाठवणाऱ्याचा पत्ता विसरू नका. आणि काउंटर उघडतानाच जा, गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) दिवसांत गावात गर्दी वाढते.