न्यू जर्सी: चमकणारे दगड बघायला फ्रँकलिन की स्टर्लिंग हिल? सल्ला हवा

एडिसनकर
नमस्कार मंडळी. लेक पाचवीत आहे. भारतात गेलो असताना सिन्नरचं गारगोटी संग्रहालय बघून आली, तेव्हापासून घरात दगडांशिवाय विषय नाही. आता तिला कळलंय की आपल्याच राज्यात, ससेक्स काउंटीत, अंधारात लाल-हिरवे चमकणारे दगड मिळतात. फ्रँकलिनचं म्युझियम आणि ऑग्डेन्सबर्गची स्टर्लिंग हिल खाण एका दिवसात होतील का? एकच करायचं तर कोणतं? ऑनलाइन दहा-बारा डॉलरचा यूव्ही टॉर्च दिसतोय, चालेल ना? जाणकारांनी प्रकाश टाकावा (अतिनील असला तरी चालेल).

काळाफत्तर
टॉर्चचं आधी सांगतो, कारण बहुतेकांचे पैसे तिथेच पाण्यात जातात. स्वस्तातले टॉर्च ३९५ किंवा ३६५ नॅनोमीटरचे, म्हणजे लाँगवेव्ह (लांब तरंगलांबीचे) असतात. नोटा तपासायला ठीक. इथला कॅल्साइट (चुनखडीचं पांढरं खनिज) लालभडक पेटतो तो शॉर्टवेव्हखाली, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या प्रकाशात, २५४ नॅनोमीटरला. विलेमाइट या जस्ताच्या खनिजाचा हिरवा रंगही त्यातच खुलतो. शॉर्टवेव्ह दिवा महाग पडतो, पण घ्यायचा तर तोच. डोळ्यांवर अतिनील अडवणारा चष्मा हवा आणि मुलीच्या हातात दिवा एकटीला देऊ नका.

हे दगड इथेच का, तेही तिला सांगा. आपल्याकडचे झिओलाइट (गारगोटी संग्रहालयातले ते स्फटिक) बेसॉल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या कातळाच्या, पोकळ्यांत वाढलेले. इथला खडक संगमरवर, म्हणजे समुद्रतळाची चुनखडी शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी जमिनीत खोल भाजून निघालेली. त्या चुनखडीच्या सोबतीला जस्त, लोखंड आणि मँगनीज होतं, गंधक मात्र फारच कमी. जगात बहुतेक ठिकाणी, आपल्या राजस्थानातल्या झावरलासुद्धा, जस्त गंधकाशी जोडलेलं, स्फॅलेराइटच्या रूपात सापडतं. इथे ते ऑक्सिजन आणि सिलिकाशी जोडलं गेलं, म्हणून फ्रँकलिनाइट, झिंकाइट, विलेमाइट हे त्रिकूट. त्याच मँगनीजमुळे कॅल्साइट लाल चमकतो. या दोन खाणींच्या परिसरात साडेतीनशेहून अधिक प्रकारची खनिजं नोंदलेली आहेत. हार्डीस्टोनाइट अतिनील प्रकाशात जांभळट निळं दिसतं, एस्पेराइट लिंबासारखं पिवळं.

प्लेन्सबरोचे_आजोबा
एकच करायचं तर स्टर्लिंग हिल. ही खाण १९८६ पर्यंत चालू होती (फ्रँकलिनची १९५४ लाच बंद पडली). गाइड जमिनीखाली नेतो, एका बोगद्यात दिवे घालवून भिंतीवर अतिनील प्रकाश टाकतो आणि अख्खी भिंत हिरवी-लाल होते. दहा वर्षांच्या पोरीला याहून जास्त काय हवं! खाली बारा महिने गारवा असतो, भर जुलैतही स्वेटर न्या.

काळाफत्तर
आजोबा, बोगद्याबद्दल अनुमोदन. पण पोरीला दगड *शोधायचेत*. फ्रँकलिन म्युझियमच्या मागे बकव्हीट डंप आहे, जुन्या खाणीच्या टाकाऊ दगडांचा ढीग. पैसे भरून आत जायचं, सापडेल ते वजनावर विकत घ्यायचं. मुलं तासन् तास रमतात. दोन्ही गावं दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर आहेत. सकाळी खाण, दुपारी डंप, जमतं. बंद बूट, डोळ्यांना संरक्षक गॉगल, हातोडी आणि एक जाड काळं कापड घ्या. कापडाखाली डोकं घालून दिवा लावला की भर उन्हातही दगड तपासता येतो.

निफाडची_पोर
दोन्हीकडच्या वेळा निघण्याआधी वेबसाइटवर बघा, हिवाळ्यात वेळापत्रक बदलतं.

विकत घेणार असाल तर झिंकाइट जपून. इथला झिंकाइट पांढऱ्या कॅल्साइटमध्ये गडद लाल दाण्यांसारखा रुतलेला असतो. प्रदर्शनांत मोठाले, आरपार दिसणारे नारिंगी स्फटिक त्याच नावाने विकतात. ते बहुतेक पोलंडमधल्या जस्ताच्या भट्टीच्या धुराड्यात तयार झालेले असतात. दिसायला सुंदर, पण खाणीतले नव्हेत. लेबलवर खाणीचं नाव नसेल तर मी घेत नाही.

एडिसनकर
भट्टीचं ठाऊकच नव्हतं, धन्यवाद. काळे दाणे दिसले तर फ्रँकलिनाइट कसं ओळखायचं? चुंबक न्यावा का?

काळाफत्तर
न्या, पण फ्रँकलिनाइट चुंबकाला जेमतेम ओढला जातो. चटकन चिकटला तर मॅग्नेटाइट (लोखंडाचं काळं खनिज) समजा. शिवाय बिनचकाकीच्या फरशीवर घासून बघा: मॅग्नेटाइटची रेघ काळी, फ्रँकलिनाइटची तपकिरी.

प्लेन्सबरोचे_आजोबा
आणि डबा खाण्याआधी हात साबणाने धुवायला लावा. इथल्या काही खनिजांत शिसं आणि आर्सेनिक असतं.