आपलंच पुणं, पुन्हा हिंडताना: तुमचे अनुभव लिहा

मागच्या रविवारी नातीला घेऊन पेशवे पार्कात गेले. फुलराणीच्या रांगेत उभी असताना लक्षात आलं, ही गाडी १९५६ पासून धावतेय. म्हणजे मी, माझी मुलगी आणि आता ही चिमुरडी, तिघीही याच रुळांवरून फिरलो. माझ्या लहानपणी इथे वाघ-सिंह होते. पिंजऱ्यांजवळचा तो उग्र वास मला अजून आठवतो. प्राणिसंग्रहालय कात्रजला हललं आणि 'आता तिथे काय उरलंय' म्हणत आमच्या घरातल्यांनी तिकडे जाणंच सोडलं. सारसबागेत मात्र नेमाने जायचो. थंडीत स्वेटर घातलेला तळ्यातला गणपती बघायचा, भेळ खायची आणि घरी यायचं. शेजारच्या फाटकातून आत मात्र वीस वर्षांत एकदाही डोकावले नाही. परवा गेले. प्राण्यांच्या जागी ऊर्जा उद्यान झालंय, झाडं अजून दाट झालीत आणि गाडीची शिट्टी झाली की पोरं तशीच ओरडतात.

म्हणून हा धागा. बाग, उत्सव, नाटक, गाणं, टेकडी, काहीही चालेल. पुण्यात तुम्ही पुन्हा कुठे गेलात, पहिल्यांदा काय पाहिलंत, ते लिहा. 'पूर्वीचं पुणं राहिलं नाही' हे आपण सगळेच म्हणतो. इथे मात्र जाऊन आलात तिथलं सांगा.

नारायण पेठेतून

मी १९८४ पासून सवाईला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, जातोय. महोत्सव रमणबागेत व्हायचा आणि आमचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. रात्रभर गाणं चालायचं. पहाटे चारला आई थर्मासमधून चहा घेऊन यायची, तो आमच्या सतरंजीवरच्या अनोळखी माणसांनाही मिळायचा. पहाटेचे राग मी त्या मैदानावर, शाल गुंडाळून, पहाटेच ऐकले. पुढे रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकावर बंदी आली आणि रात्रभराची बैठक गेली. त्याचं दुःख मला आजही आहे, कारण रागाची वेळ आणि घड्याळाची वेळ जुळते तेव्हा जे होतं ते रात्री दहाच्या चौकटीत बसत नाही.

२०१८ मध्ये महोत्सव मुकुंदनगरला गेला. मी रागावून घरीच बसलो. रमणबागेशिवाय सवाई ही कल्पनाच सहन होईना. पुढच्या वर्षी खालच्या मजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, मी गाडीवरून नेतो, नाही आवडलं तर परत आणतो." गेलो. भारतीय बैठकीत जागा मिळाली. शेजारी नांदेडची एक विद्यार्थिनी बसली होती, इथे इंजिनिअरिंगला आलेली. तिने विचारलं, "हा कुठला राग?" मी म्हटलं, "मारवा." तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "यात इतकं अस्वस्थ का वाटतं?" मारव्यात षड्ज मुद्दाम टाळत जातात, गाणारा घराच्या दारापर्यंत येऊन पुन्हा वळतो, हे मी तिला जमेल तसं सांगितलं. पस्तीस वर्षं ऐकत होतो, पण असं कुणाला समजावून सांगायची वेळ आली नव्हती. नंतरचे दिवस ती माझ्यासाठी सतरंजीवर पिशवी ठेवून जागा धरायची. शेवटच्या दिवशी प्रभाताई अत्रे गायल्या. मग रिवाजाप्रमाणे सवाई गंधर्वांच्या भैरवीतल्या ठुमरीचं ध्वनिमुद्रण लागलं. मैदान दुसरं होतं, पण त्या आवाजाने छातीत व्हायचं ते तसंच झालं. आता प्रभाताईही नाहीत. ती मुलगी नोकरीला बंगळूरला आहे. डिसेंबर आला की फोन करते, "काका, यंदा कोण कोण आहे?"

सिंहगड रस्त्यावरून

वय ४७, बँकेत नोकरी. मुलीला ढोलपथकाच्या सरावाला नदीपात्रात सोडायला जायचे आणि स्कूटरवर बसून मोबाइल बघायचे. तिसऱ्या दिवशी पथकप्रमुख म्हणाले, "ताई, नुसत्या बसता कशाला, टिपरू घ्या हातात." पहिल्या आठवड्यात बोटांना फोड आले. कमरेला बांधलेल्या ढोलाचं ओझं सांभाळून पहिला हात नीट वाजायला मला पंधरा दिवस लागले. मुलगी पुढच्या रांगेत, मी मागच्या. चुकलं की ती मान वळवून बघायची.

लहानपणापासून मी विसर्जन मिरवणूक लक्ष्मी रस्त्यावरच्या आत्याच्या गॅलरीतून पाहिली. मानाचे पाचही गणपती वरूनच बघितलेले. गेल्या वर्षी पहिल्यांदा त्याच गॅलरीखालून वाजवत गेले. आत्या आता नाही, पण गॅलरीत उभ्या असलेल्या लोकांकडे बघून मी हात केला. रात्री उशिरा सगळ्या जणी मंडई मेट्रो स्टेशनात उतरलो. जमिनीखाली इतका उजेड, इतका गारवा आणि गुलालाने माखलेली माणसं शांतपणे जिन्यावर ओळीने उभी. डब्यात एका आजोबांनी उठून मला जागा दिली. म्हणाले, "बस बाई, सकाळपासून उभी असशील."

सरावाच्या आवाजाचा त्रास काठावरच्या सोसायट्यांना होतो, हे मला माहीत आहे. मी स्वतः तसल्याच सोसायटीत राहते. आमच्या पथकात वेळ संपली की ढोल खाली ठेवतात, मग कितीही रंगलेलं असो. सगळ्याच पथकांनी हे पाळावं असं मला मनापासून वाटतं.

बाणेरहून

तुम्ही शहरात आलात, आमच्याकडे शहरच चालत आलं. १९९७ मध्ये गाव महापालिकेत गेलं तेव्हा मी सहावीत होतो, घरामागे ज्वारी होती. आज तिथे बावीस मजले आहेत. पण भैरवनाथाची जत्रा आहे. पालखी निघते, छबिना निघतो, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा. लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांपासून सुरुवात होते आणि मोठ्या जोडीपर्यंत संध्याकाळ होते.

मी मधली बारा-तेरा वर्षं आखाड्याकडे फिरकलो नव्हतो. कंपनीतल्या लोकांना गावची जत्रा काय सांगायची, असं वाटायचं. त्याची मला आता लाज वाटते. दोन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीतले एक तमिळ गृहस्थ लिफ्टमध्ये म्हणाले, "तुमच्या गावात कुस्ती असते म्हणे, नेणार का?" त्यांना घेऊन गेलो. चुलत्यांनी त्यांना पुढे बसवलं, फेटा बांधला. निकाली कुस्ती झाली तेव्हा ते उभे राहून शिट्ट्या मारत होते. परतताना त्यांनी विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मला देता आली नाहीत, म्हणून चुलत्यांकडे जाऊन बसलो. मातीत तेल, ताक, हळद का मिसळतात, जोड कोण ठरवतं, हे सगळं वयाच्या चाळिशीत शिकलो.

बाणेश्वराचं लेणं कुणी पाहिलंय का? टेकडीच्या पोटात आहे, आत गारवा असतो. जरूर या.

कोथरूड

छोटासा अनुभव. मुलगा यंदा पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेत होता. नट म्हणून नाही, प्रकाशयोजनेला. मी स्वतः कॉलेजात असताना भरत नाट्य मंदिराच्या पायऱ्यांवर 'अरे आव्वाज कुणाचा' ओरडून घसा बसवला होता. १९६३ पासून चालत आलेली ही स्पर्धा मी विसरूनच गेलो होतो. अंधारात बसलो, प्रयोग सुरू झाला आणि रंगमंचावर पहिला पिवळा उजेड पडला. तो त्याने पाडला होता. बाकी एकांकिका मला फारशी आठवत नाही.

वेताळ टेकडीवरून

रोज पहाटे जाते. खाणीच्या पाण्यापाशी थोडं थांबायचं. मोरांचे आवाज येतात. २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी जी माणसं रस्त्यावर उतरली त्यात मी आणि माझे सासरे दोघेही होतो. ते ८१ वर्षांचे. त्या दिवशी तिथे भेटलेल्या चौघी आता माझ्या रोजच्या सोबतिणी आहेत. आधी वर्षानुवर्षं आम्ही एकमेकींच्या बाजूने नुसत्या जात होतो.

वानवडीहून

वरचं सगळं वाचून लिहावंसं वाटलं. आईला पक्षाघात झाला त्याला तीन वर्षं झाली. बोलणं बरंच गेलं. एका नाट्यगृहात व्हीलचेअर आत न्यायला इतका त्रास झाला की नंतर तिला कुठे न्यायचं धाडसच झालं नाही. ती खिडकीशी बसायची.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन लागलं. लग्नानंतर बाबा तिला दर वर्षी न्यायचे. आठवड्यातल्या दिवशी, सकाळी दार उघडताच नेलं. गर्दी नव्हती, वाट सपाट होती, एक-दोन ठिकाणी माळीदादांनी खुर्ची उचलून दिली. गुलाबांपाशी ती फार थांबली नाही. बोन्सायपाशीही नाही. हाताने पुढे, पुढे, अशी खूण करत राहिली. मला कळेना. शेवटी आम्ही जुन्या झाडांपाशी पोचलो. गारंबीचा तो प्रचंड वेल, मनगटाहून कितीतरी जाड, या झाडावरून त्या झाडावर गेलेला. तिने थांबायला सांगितलं. त्या वेलावर बसलेला बाबांचा एक फोटो आमच्याकडे आहे, मी तो शंभरदा पाहिला होता आणि कुठला ते कधी विचारलं नव्हतं.

आईने चांगला हात पुढे केला. खुर्ची जवळ नेली, तेव्हा तिने वेलावर तळहात टेकवला आणि स्पष्ट म्हणाली, "इथेच."